एकच खोकला

"जगातला प्रत्येक थोर सिनेमा अंधारातनं जन्माला येतो!" आबा मांगोरे हात उंच करून म्हणाले. "पहिल्यांदा अंधार! नुसता अंधार!" मग सगळे दिवे घालवायची खूण करून त्यांनी रुबाबात एक पाऊल पुढं टाकलं. पुढं वायरींचं भेंडोळं होतं. थोर सिनेमाच्या आधी अंधारातून एक धप्प असा आवाज जन्माला आला आणि पाठोपाठ आबांचाच गळा, "दिवे लावा रे कुणीतरी! मेलो!"

दिवे लागले तेव्हा आमचे दिग्दर्शक पालथे पडले होते आणि त्यांची टोपी कॅमेऱ्याच्या पायाशी होती. कॅमेरामन हळदणकरांनी ती उचलली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली.

"बाळ-बाळंतीण सुखरूप," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखी परिस्थिती नव्हती.

ही गोष्ट कोल्हापूरच्या एका स्टुडिओतली, कृष्णधवल सिनेमाच्या काळातली. तो स्टुडिओ आता नाही. त्या जागी मंगल कार्यालय झालं आहे, म्हणजे दिव्यांच्या झोतात खोटं हसण्याची परंपरा तिथं अखंड चालू आहे. मी त्या सिनेमाचा कथा-संवादलेखक होतो. त्याआधी एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. दोन्ही कामांत फरक एवढाच, की प्रॉम्प्टरचे शब्द नट निदान ऐकतात तरी.

कच्ची फिल्म तेव्हा कोट्यावर मिळायची. आमच्या कोट्यातली बहुतेक फिल्म निर्माते रतनशेठ यांच्या हट्टापायी बागेतल्या एका गाण्यात खर्ची पडली होती, कारण नायिकेला हसू आवरत नव्हतं आणि नायकाला पळता येत नव्हतं. नवा कोटा यायला अवकाश होता. उरला होता एकच डबा. त्यात सिनेमाचा पहिला शॉट एकदा बसणार होता. दुसऱ्यांदा नाही.

आणि त्या शॉटमध्ये आमच्या जुन्या नाटक कंपनीतल्या अंबूताई मयेकर होत्या.

रतनशेठना अंबूताई मुळातच नको होत्या. शेठ गुळाचे व्यापारी. "आबा, गेल्या सालची ढेप यंदाच्या पेठेत कोण घेणार?" असं ते सेटवर सगळ्यांदेखत बोलले होते. अंबूताई तिथंच मेकअप करून बसल्या होत्या. "आज शॉट एकदम नीट उतरला तर बाई राहतील. नाहीतर मी मुंबईला फोन लावतो. तिकडच्या बाई पेटी भरून तयार आहेत."

"शेठ, तुम्ही निस्तं गप बसून बघा," आबा म्हणाले.

"काय बघू? तुम्ही तर अंधार दाखवणार! लोक तिकीट काढतात ते बघायला. ऐकायला घरी रेडिओ आहे."

भांडण होतं ते याच्यावर. रतनशेठना सिनेमा सूर्योदयानं, सनईनं आणि शक्यतो गाईनं सुरू व्हायला हवा होता. आबांच्या डोक्यात वेगळंच होतं. पडदा काळा. संगीत नाही, नावं नाहीत. आधी फक्त किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज. मग लाकडी जमिनीवर जोडव्यांचा. मग लांबवर कंदिलाचा एक ठिपका. ठिपका जवळ येतो तेव्हा कळतं, की जुन्या बंगल्याची देखरेख करणारी एक म्हातारी कड्या-कुलपं तपासत बोळातून येते आहे. पुढं त्याच बंगल्यात तिला खिडकीतून खून दिसतो आणि साऱ्या सिनेमात ती एकटीच साक्षीदार असते. "आधी कान, मग डोळा!" आबा म्हणायचे. "पब्लिकनं पहिल्या मिनिटाला खुर्चीचा हात घट्ट धरला पाहिजे."

त्यासाठी स्टुडिओत छातीइतक्या उंच लाकडी फलाटावर एक लांब बोळ उभा केला होता. कॅमेरा चाकांच्या गाडीवर, तोंड अंबूताईंकडे. त्या कंदील घेऊन पुढं चालत येणार, गाडी त्यांच्यापुढं मागं मागं सरकणार. बोळाच्या शेवटी गाडी थांबायची, अंबूताईंनी उजवीकडच्या दारातून आत जायचं, आणि पुन्हा अंधार. दारात न वळता सरळ पुढं गेलं तर मात्र घर संपत होतं. सिनेमातलं घर कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच असतं. दारापुढं जेमतेम थोडी फळी, मग गाडीच्या चाकांपुरत्या दोन अरुंद फळ्या लाकडी घोड्यांवर टाकलेल्या. त्या दोन फळ्यांच्या मधे काहीच नाही. खाली लोखंडी स्टँड, वायरी आणि फरशी.

डोळे असलेल्या माणसाला यात अवघड काही नव्हतं.

त्या दिवशी सकाळी ध्वनिमुद्रक गद्रे यांचा कोट खुंटीवर टांगलेला होता आणि त्याच्या वर त्यांची टोपी. अंबूताई जाताना कोटासमोर थांबल्या, त्याला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "काय गद्रे, बरं आहे ना?" कोट काही बोलला नाही. गद्रेही एरवी कुणाशी बोलत नसत, त्यामुळं आसपास कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी मात्र त्यांच्या मागोमाग मेकअपच्या खोलीत गेलो.

"ताई, तो कोट होता."

"कुठला?"

"तुम्ही नमस्कार केलात तो."

"तरीच. माणसापेक्षा सभ्य वाटला."

"किती दिसतं तुम्हाला?"

"उजेड दिसतो. अंधार दिसतो. मधलं जरा..." त्यांनी हवेत हात फिरवला. "मोतीबिंदू आहे म्हणतात. पिकल्याशिवाय डॉक्टर काढत नाहीत. पिकायला तो काय हापूस आहे? मी काय डोकं आढीत घालून बसू?"

मग मला आठवलं. गेले आठ-दहा दिवस त्या माझ्याकडून संवाद वाचून घेत होत्या. "तुझ्या तोंडून ऐकलं की पाठ होतात रे जनू," म्हणायच्या, आणि मी लेखक म्हणून फुगत होतो.

"आबांना सांगू या," मी म्हटलं.

त्यांचा हात झटकन माझ्या मनगटावर पडला. मनगट त्यांना बरोबर सापडलं.

"जनू, भाचीच्या घरी माझी म्हणून एक खुर्ची आहे. दाराआड. दार उघडलं की मी झाकली जाते, पाहुण्यांना दिसत नाही. काम मिळतं तेव्हाच मी त्या खुर्चीवरून उठते. हे काम गेलं तर परत उठायची नाही. कळलं?"

कळलं.

"पण त्या बोळातनं चालणार कशा? हातात कंदील, बाकी सगळा काळोख."

"अरे, त्या गाडीला वंगण नाही," त्या एकदम खुशीत आल्या. "माझ्यापुढं कुईकुई करत चालते. मी आपली तिच्या मागं. कुईकुई थांबली की उजवीकडं वळायचं, हात पुढं केला की दार. मघाशी तालमीत केलं की मी. कळलं का कुणाला?"

कुणालाही कळलं नव्हतं. उलट तालमीच्या शेवटी आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले होते.

"आणि अगदीच वेळ आली तर तू आहेसच," त्या म्हणाल्या. "खोकशील."

हे सांगायला हवं. आमच्या नाटक कंपनीत एक रीत होती. नट भलत्याच जागी निघाला तर प्रॉम्प्टरनं बोलायचं नाही, पहिल्या रांगेला ऐकू जातं. खोकायचं. एक खोकला म्हणजे आहेस तिथं थांब. दोन खोकले म्हणजे चल पुढं. प्रेक्षकांना वाटायचं, विंगेत कुणीतरी आजारी आहे. पगार पाहता ते खरंही असायचं. एकदा राजवाडा पेटल्याच्या प्रवेशात कापूर जास्त झाला आणि राजवाड्याबरोबर आमचा पडदाही खरोखरच पेटला. धुरात मी एकदा खोकलो, आणि अंबूताई जळत्या पडद्याच्या अलीकडं जागच्या जागी थांबल्या. तेव्हापासून माझ्या खोकल्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. माझ्या लेखनाबद्दल तसं त्यांनी कधी म्हटलं नाही.

"इथं नाही खोकता यायचं, ताई. गद्रे आवाज जागच्या जागी टिपतात. सुई पडली तरी येते."

"मग नको खोकूस. कुईकुई आहे ना."

मी बाहेर आलो तर हळदणकर कंदील तयार करत होते. खऱ्या वातीचा उजेड फिल्मवर उमटत नाही, म्हणून त्यांनी आत विजेचा दिवा बसवला होता. त्याची वायर अंबूताईंच्या बाहीतून पाठीमागं पदराखाली आणि तिथून लांब जाणार होती. "काच गरम होईल थोडी," ते म्हणाले. अंबूताईंनी मान हलवली. नाटकवाल्यांना गैरसोयीची चौकशी केलेली आवडत नाही.

एवढ्यात रतनशेठनी मला हाक मारून बाहेर नेलं. सुरुवातीला निदान एक तरी गाय घालता येईल का, हे त्यांना लेखकाकडून समजून घ्यायचं होतं. मी त्यांना समजावत होतो तेवढ्या वेळात आत काय झालं, ते मला पाहता आलं नाही. शेवटी लाल दिवा लागला आणि आम्ही दोघं घाईनं आत सरकलो. मी जाऊन कॅमेऱ्याच्या मागं, घोड्यांवरच्या फळ्यांशेजारी उभा राहिलो. दारं लागली. तातोबांनी, म्हणजे आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरनी, पत्र्यावरच्या कावळ्यांना हाकलायला वर माणूस बसवला होता.

"पंखे बंद. चपला काढा," आबा कुजबुजले. "श्वास घ्यायचा तर आत्ताच घ्या."

दिवे गेले.

पहिल्यांदा मला वास आला. ओळखीचा, लहानपणीचा, सकाळी नाक दाबून गिळायला लावलेल्या चमच्याचा. एरंडेल. स्टुडिओत एरंडेल कशाला, असा विचार करत होतो, तेवढ्यात आबा म्हणाले, "अॅक्शन," आणि अंधारात किल्ल्या वाजल्या.

जोडवी वाजली नाहीत.

कंदिलाचा ठिपका बोळाच्या त्या टोकाला उभा होता, हलत नव्हता. हळदणकरांच्या शेजारून गाडी ढकलणाऱ्यानं गाडी मागं ओढली. गाडी सरकत होती. काहीही ऐकू येत नव्हतं. लोण्यातून सुरी जावी तशी ती चालली होती. मागाहून कळलं, गद्र्यांनी तालमीनंतर "गाडी ओरडते" एवढे दोन शब्द उच्चारले होते, आणि तातोबांनी घरून, पोरांच्या पोटासाठी आणून ठेवलेली एरंडेलाची बाटली मागवून चारी चाकांना पाजली होती.

अंबूताई कुईकुईची वाट पाहत उभ्या होत्या.

"काय थांबली आहे!" आबा माझ्या कानाला तोंड लावून आवाज न काढता, नुसत्या श्वासात म्हणाले. "काय थांबली आहे रे बाई!"

फिल्म चालू होती. पलीकडं शेठ बसले होते. अंबूताईंनी बहुधा ओळखलं, की आता कुईकुई येणार नाही. ठिपका हलला. एक जोडवं वाजलं. मग दुसरं. कंदील डुलत डुलत येऊ लागला.

त्या काय धरून चालत होत्या, मला माहीत नाही. पायाखालच्या फळीचा अंदाज असेल, नुसती हिंमत असेल. सरळ येत होत्या. मला आधी कंदील दिसला, मग हात, मग पदराची कड. गाडी ठरल्या खुणेवर येऊन मुकाट थांबली. इथं कुईकुई बंद पडायची. इथं वळायचं.

अंबूताई वळल्या नाहीत.

उजवीकडचं दार त्यांच्या खांद्याशेजारून मागं गेलं. त्या तशाच पुढं येत राहिल्या. हळदणकरांचा हात भिंगाच्या कड्यावर होता. तो हात न विचारता, आपोआप, त्यांच्या चेहऱ्याबरोबर फिरत होता. आबा पुढं झुकले. त्यांना अजून कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, बाई काहीतरी नवीन करते आहे. मला फळी संपलेली दिसत होती. त्यांची जोडवी आणि फळीची कड यांच्यात एका पाटाएवढीही जागा उरली नव्हती, आणि त्यांनी पाय उचलला.

मी खोकलो.

एकदाच. कोरडा, स्वच्छ, जुन्या कंपनीतला खोकला. त्या शांततेत तो दगडासारखा पडला. आबा दचकून उडाले. लांब कोपऱ्यात, यंत्राच्या मिणमिणत्या दिव्यापाशी, गद्र्यांनी कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी धरले.

अंबूताईंचा पाय हवेत थांबला.

आणि तेवढ्यात माझा घसा खवखवला.

खोटा खोकला काढला की खरा मागून येतो, हे खोकणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. लाकडाचा भुसा, बंद हवा आणि भीती. तो छातीतून वर चढू लागला. एक खोकला म्हणजे थांब. दोन म्हणजे चल पुढं. त्या बाईनं आयुष्यभर माझ्या दुसऱ्या खोकल्यावर डोळे मिटून पाऊल टाकलं होतं. आणि आता तर डोळे मिटायचीही गरज नव्हती.

माझ्या हातात त्या दिवसाचे संवाद होते. मी ते चुरगाळून तोंडात कोंबले. डोळ्यांतून पाणी येत होतं, कानात घणघण होत होती, आणि मी माझंच लेखन दातांत धरून उभा होतो. त्या सिनेमात माझे शब्द इतके उपयोगी पुन्हा कधी पडले नाहीत.

अंबूताईंनी पाय हळूच मागं घेतला. अंगठ्यानं कड चाचपली. चेहऱ्यावर काही नाही. नुसता श्वास थांबलेला. मग अगदी सावकाश त्या वळल्या, दोन पावलं मागं गेल्या, हात पुढं केला. हाताला दार लागलं. त्या आत गेल्या. अंधार.

"कट," आबा म्हणाले, आणि दिवे लागायच्या आधीच ओरडले, "कोण खोकलं? कुणाचं नरडं हाय ते?"

दिवे लागले. सगळे एकमेकांकडं बघू लागले. मी तोंडातून कागद काढले.

"मी."

"तू?" आबांचा आवाज चिरकला. "अरं, लिहून वाट लावलीसच, आता खोकून पण? शेवटचा डबा होता, लेका! शेवटचा!"

काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर मी वाचलो असतो आणि अंबूताई दाराआडच्या खुर्चीवर गेल्या असत्या. मी म्हटलं, "घसा."

"घसा! चल, नीघ! माझ्या सेटवर दिसू नको!"

"मी फोन लावतो," रतनशेठ उठले. ते नाराज वाटत नव्हते.

"अवो, थांबा जरा! फिल्म धुऊन येऊ दे. बघू, मग लावा काय लावायचाय तो फोन."

हळदणकर कॅमेऱ्याकडं पाहत उभे होते. अंबूताई दारातून बाहेर आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही एवढ्या पुढं का आलात?"

"म्हटलं, जवळून बरी दिसेन," अंबूताई म्हणाल्या, आणि उजवा हात पदराखाली घेऊन शांतपणे निघून गेल्या.

मी बाहेर चहाच्या टपरीवर बसलो होतो. त्या आल्या. कपबशी त्यांनी डाव्या हातानं घेतली.

"दुसरा आला होता ना?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"खोकला. दुसरा. येतोय असं ऐकू आलं मला."

"दाबला."

"बरं केलंस." त्यांनी चहा फुंकला. "मी निघालेच होते."

फिल्म धुवायला मुंबईला गेली. ती येईपर्यंत आबा माझ्याशी बोलले नाहीत आणि रतनशेठ फारच गोड बोलले. अंबूताई रोज मेकअप करून सेटवर येऊन बसायच्या, काम नसतानाही. मला वाटतं, त्या खुर्चीवर बसायला नको म्हणून.

त्या शॉटचं पुढं फार कौतुक झालं. त्यावर लेख आले. त्या खोकल्यात कुणाला मृत्यूची चाहूल ऐकू आली. पुण्यातल्या एका परिसंवादात एका विद्वानांनी तो खोकला म्हणजे मरणपंथाला लागलेली सरंजामशाही आहे, असं सिद्ध केलं. मी समोरच बसलो होतो. मान डोलावली. सरंजामशाहीचा घसा त्या दिवशीही जरा खवखवत होता. पण हे सगळं नंतरचं. फिल्म पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिथं एकही विद्वान नव्हता.

स्टुडिओच्या छोट्या थिएटरात आम्ही बसलो होतो. आबा, रतनशेठ, हळदणकर, गद्रे. मलाही बोलावलं होतं. "ये, बघ काय केलंयस ते," असा निरोप होता. अंबूताई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मला सांगत जा काय दिसतंय ते," त्या पुटपुटल्या.

दिवे गेले. पडदा काळा.

"काय आहे?"

"अंधार."

"तो मलाही दिसतोय."

किल्ल्या वाजल्या. मग काही नाही. ते थांबणं सेटवर मला युगासारखं वाटलं होतं. इथं ते त्याहून लांब होतं. रतनशेठ खुर्चीत सरसावून बसले. मग एक जोडवं. दुसरं. ठिपका डुलायला लागला. संगीत नव्हतं म्हणून प्रत्येक पाऊल आपल्याच पाठीमागून आल्यासारखं वाटत होतं. मी पाहिलं, शेठनी खुर्चीचा हात धरला होता.

चेहरा पुढं आला. आणखी पुढं. सिनेमात चेहरे जेवढे थांबतात त्याच्याही पुढं आला आणि पडदाभर झाला. मग खोकला. अंधारातून, कुणाचा कळत नाही असा. चेहरा थांबला.

कंदिलाचा उजेड खालून होता. सुरकुत्या वर चढत गेल्या होत्या. आणि दोन्ही डोळ्यांत, बाहुली असते तिथं, एकेक दुधी मोती होता. उजेड त्यावर पडून परत येत होता. आत जात नव्हता.

"आता काय दिसतंय?" अंबूताईंनी विचारलं.

मी पडद्याकडंच बघत होतो.

"अरे, सांग की."

"तुम्ही," मी म्हटलं.

चेहरा वळला. दार. अंधार. मग पांढरा पडदा आणि मशीनची घरघर. दिवे लागले.

"हिला... यांना दिसत नाही!" रतनशेठ ओरडले. "आबा, बाई आंधळी आहे! खून बघणारी साक्षीदार तुम्ही आंधळी घेतली!"

"आंधळी नाही हो," अंबूताई समोर बघत म्हणाल्या. "पिकला नाही अजून."

"फोन कुठं आहे?"

आबा पांढऱ्या पडद्याकडं बघत बसले होते. मला त्यांच्याकडं बघवेना. अंबूताईंनी पदराची घडी गुडघ्यावर सारखी केली, पुन्हा विसकटली, पुन्हा सारखी केली.

तेव्हा गद्रे उठले. ते उठले म्हणून सगळे बघायला लागले.

"नुसतं ऐका," ते म्हणाले. "चित्र नको."

दिवे पुन्हा गेले. त्यांनी आवाजाची पट्टी लावली. जोडवं, जोडवं, जोडवं. खोकला. शांतता.

"इथं पाय वर आहे," गद्र्यांचा आवाज आला. "जोडवं वाजायला हवं, वाजत नाही. आता ऐका. हे नख. फळीच्या काठावर घासतंय." खरंच एक बारीक खरखर आली. "पुढं फळी नव्हती."

एवढं लांबलचक भाषण गद्र्यांनी त्याआधी किंवा नंतर केल्याचं कुणाला आठवत नाही. दिवे लागले तेव्हा आबा माझ्याकडं बघत होते.

"लेका, बोलला का नाहीस?"

"खोकलो की."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग उठून येरझाऱ्या घालायला लागले. तेवढ्याशा थिएटरात त्यांना तीनच पावलं मिळत होती.

"लेखक, म्हातारी खिडकीतनं खून बघती, असं लिहिलंयस न्हवं?"

"हो. सगळी कथाच त्याच्यावर..."

"खोड ते. म्हातारी खून ऐकती."

"काय?" रतनशेठ म्हणाले.

"ऐकती! शेजारच्या खोलीतनं! पावलं ऐकती, श्वास ऐकती, खुनी खोकतो ते ऐकती. मग तोच माणूस दुसऱ्या दिवशी हिच्यापुढं येऊन उभा ऱ्हातोय. पब्लिकला दिसतंय, हिला दिसत न्हाई. तो खोकला आवरतोय, शेठ! आवरतोय!"

माझा घसा पुन्हा खवखवला.

"पण आंधळी साक्षीदार?" शेठ म्हणाले. "कोर्ट मानेल का?"

"न्हाई मानणार! तोच तर सिनेमा!"

रतनशेठ खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गाय दिसेनाशी झाली होती. "खोकला ठेवायचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"ठेवायचा," हळदणकर आणि गद्रे एकदम म्हणाले.

आबा अंबूताईंसमोर येऊन उभे राहिले. त्यांना भाषण सुचलं होतं, हे त्यांच्या वर जाणाऱ्या हातावरून मी ओळखलं.

"अंबूताई! अंधारातनं सिनेमा जन्माला येतो, असं मी म्हणालो होतो. आज बघितला. आता हा सिनेमा तुमचा! पहिल्या शॉटपासनं शेवटपर्यंत तुमचा! तुमच्याबिगर एक फूट फिल्म फिरायची न्हाई. मागा, काय पाहिजे ते मागा! या कलेच्या मंदिरात आज तुम्हाला कुणी नाही म्हणणार न्हाई!"

सगळे अंबूताईंकडं बघत राहिले. त्यांनी इतके दिवस पदराखाली ठेवलेला उजवा हात बाहेर काढला. बोटांवरचे फोड अजून पुरते बसले नव्हते.

"पुढच्या वेळी कंदिलात जरा बारीक दिवा घाला," त्या म्हणाल्या. "हात भाजतो."